भाषाविज्ञान की तौलनिक साहित्य? : पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पदवीपर्यंत मराठी, इंग्रजी, हिंदी वा संस्कृत यांपैकी एखाद्या भाषेचा विशेष अभ्यास केलेल्या आणि भाषा व साहित्य या दोहोंविषयी सारखीच ओढ असलेल्या विद्यार्थ्यापुढे पदव्युत्तर शिक्षणाच्या उंबरठ्यावर एक प्रश्न उभा राहतो. आपल्या भाषेच्याच विभागात एम.ए. करावे, भाषाविज्ञानाकडे वळावे, की तौलनिक साहित्याची वाट धरावी? हा प्रश्न सामान्यतः व्यक्तिगत आवडीनिवडीचा समजला जातो. मार्गदर्शक प्राध्यापकही त्याचे उत्तर विद्यार्थ्याचा कल आणि नोकरीची शक्यता या दोनच निकषांवर देतात. परंतु या दोन विद्याशाखा मुळात वेगळ्या का झाल्या, कोणत्या संस्थेत त्या कोणत्या निमित्ताने रुजल्या आणि एकीची निवड केली असता दुसरीची दारे का बंद होतात, याचा विचार केल्यास ही निवड विद्यार्थ्याच्या मनात होण्यापूर्वीच विद्यापीठांच्या इतिहासात बरीचशी होऊन गेलेली असते, असे दिसून येते. प्रस्तुत निबंधात कलकत्ता, पुणे, जादवपूर आणि मुंबई या केंद्रांच्या आधारे त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. येथे अभ्यासक्रमांची जंत्री देण्याचा हेतू नाही. ज्यांनी ही निवड केली, किंवा ज्यांच्यावर ती लादली गेली, अशा काही अभ्यासकांची उदाहरणे त्यासाठी अधिक बोलकी आहेत.

'तुलना' या शब्दाचा प्रवास

एकोणिसाव्या शतकात तुलना हा शब्द प्रामुख्याने भाषाभ्यासकांचा होता. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली आणि पुढील शतकभर युरोपातील विद्यापीठांत तौलनिक भाषाशास्त्र ही मानव्यविद्यांतील सर्वांत प्रतिष्ठित शाखा ठरली. मुंबई विद्यापीठात रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली. संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि आधुनिक देशी भाषांपर्यंतची वाटचाल त्यांनी त्यांत दाखविली. भांडारकरांच्या दृष्टीने ग्रंथ आणि भाषा या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. जुन्या ग्रंथांतील रूपे हाच त्यांचा पुरावा होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या व्याकरणाकडे वळावे आणि झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर आपला प्रबंध रचावा, हे त्याच परंपरेला धरून होते. ब्लॉक यांच्या ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला मराठी अनुवाद १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठीच्या प्राध्यापकांच्या दोन पिढ्यांना ऐतिहासिक भाषाशास्त्राचा परिचय बहुतांशी त्यातूनच झाला.

साहित्याच्या क्षेत्रातील तुलना त्या मानाने उशिरा आली. गटे यांनी १८२७ मध्ये विश्वसाहित्याची कल्पना बोलून दाखविली. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे अध्यापन करणाऱ्या पॉझ्नेट यांचा तौलनिक साहित्यावरील इंग्रजी ग्रंथ १८८६ चा. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. भाषाशास्त्रातील तुलना कुळाचा शोध घेते आणि दोन भाषांतील साम्यावरून त्यांची लुप्त जननी कल्पिते. साहित्यातील तुलनेला असे कूळ असण्याची गरज नसते. परस्परांशी कसलाही संबंध नसलेल्या दोन कृतींतील साम्यही तेथे विचारार्ह ठरू शकते. एकाच विशेषणाखाली वावरणाऱ्या या दोन पद्धती मुळात इतक्या भिन्न आहेत, आणि तरीही विद्यार्थी आजही दोहोंना जुळी भावंडे समजून निवडीस बसतात.

कलकत्ता : दोन भाषांची अट

भारतातील पदव्युत्तर भाषाभ्यासाचा आरंभ कलकत्ता विद्यापीठात झाला. तेथील तौलनिक भाषाशास्त्राचा विभाग १९०४ चा मानला जातो व त्यामागे आशुतोष मुखर्जी यांची दृष्टी होती. या विभागाच्या आरंभकाळातील एक प्रकरण अभ्यासक्रमाच्या निवडीच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. मुहम्मद शहीदुल्ला हे १९१० मध्ये संस्कृत विषय घेऊन सन्मानासह पदवीधर झाले आणि संस्कृतच्याच एम.ए. ला प्रविष्ट झाले. परंतु वेदाचे अध्यापन करणारे पंडित सत्यव्रत सामश्रमी यांनी मुसलमान विद्यार्थ्यास वेद शिकविण्यास नकार दिला. प्रकरण बरेच गाजले. अखेरीस त्या वेळी कुलगुरू असलेल्या आशुतोष मुखर्जी यांनी शहीदुल्ला यांना तौलनिक भाषाशास्त्राचा मार्ग मोकळा करून दिला आणि १९१२ मध्ये ते त्या विषयाचे एम.ए. झाले. पुढे १९२१ मध्ये ते ढाका विद्यापीठात अध्यापक झाले, १९२८ मध्ये त्यांनी पॅरिस येथे काण्ह व सरह यांच्या गीतांवर डॉक्टरेट मिळविली आणि बंगाली भाषेच्या अभ्यासातील एक आधारस्तंभ म्हणून ते ओळखले गेले.

या घटनेचे वर्णन अनेकदा सुखान्त कथेप्रमाणे केले जाते. वस्तुतः तिच्यात दोन बाबी आहेत. एका विषयाचे दार जन्माच्या आधारावर बंद झाले, ही पहिली. दुसरी बाब अशी की, त्याच ग्रंथांकडे जाणारे दुसरे दार विद्यापीठात उपलब्ध होते, कारण नव्या शास्त्राला वेदपठणाचा अधिकार विचारण्याचे कारण नव्हते. भाषाविज्ञान हा विषय ज्यांना पारंपरिक पाठशालेत स्थान नव्हते अशांचाही आश्रय ठरू शकतो, हे त्या वेळी प्रथम स्पष्ट झाले. महाराष्ट्रातील सामाजिक इतिहास पाहता हा मुद्दा येथील वाचकास निराळा समजावून सांगावयास नको.

सुनीतिकुमार चटर्जी यांचा मार्ग याहून वेगळा होता. ते १९१३ मध्ये इंग्रजी विषयाचे एम.ए. झाले. लंडन व पॅरिस येथील अध्ययनानंतर कलकत्त्यास परतून ते भारतीय भाषाविज्ञान व ध्वनिविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि बंगाली भाषेचा उगम व विकास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ मध्ये प्रकाशित झाला. १९६९ पासून १९७७ मधील निधनापर्यंत ते साहित्य अकादमीचे अध्यक्ष होते. भाषाशास्त्रज्ञाने साहित्यसंस्थेचे अध्यक्षपद भूषवावे, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही.

आशुतोष मुखर्जी यांचे दुसरे कार्य म्हणजे १९१९ मध्ये सुरू झालेला भारतीय देशी भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास एका मुख्य भाषेबरोबर दुसरी भारतीय भाषाही शिकावी लागे व त्यांच्या ऐतिहासिक पूर्वपीठिकेचाही अभ्यास करावा लागे. म्हणजे तौलनिक साहित्य हे नाव न घेता तौलनिक साहित्याची पूर्वतयारी आणि भाषाविज्ञान हे नाव न घेता त्याचा पाया या एकाच पदवीत समाविष्ट होता. विद्यार्थ्याला निवड करावी लागत नव्हती. ही दुसऱ्या भाषेची अट देशातील इतर विद्यापीठांनी तितक्याच निष्ठेने उचलली असती तर पुढचा बराचसा प्रश्न उद्भवलाच नसता. मुंबई विद्यापीठात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर मराठीला उच्च परीक्षांत स्थान मिळाले खरे, परंतु लढा एका भाषेच्या प्रवेशाचा असल्यामुळे शेजारच्या भाषेची अट घालण्याचा विचार त्यात डोकावणे कठीणच होते.

पुणे : डेक्कन कॉलेज

पुण्याचे डेक्कन कॉलेज आपले मूळ १८२१ च्या संस्कृत पाठशाळेत शोधते. १९३४ मध्ये सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयीन लढा दिला आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. सुमित्र मंगेश कत्रे, चि. रा. शंकरन, हसमुख धीरजलाल सांकळिया, इरावती कर्वे ही पहिल्या अध्यापकवर्गातील नावे पाहिली तरी संस्थेची दिशा ध्यानी येते. भाषा, पुरातत्त्व आणि समाज यांचा सांधा येथे जुळला. साहित्य मात्र या रचनेत नव्हते. संस्कृत कोशासारखा प्रचंड प्रकल्प संस्थेने हाती घेतला व त्यासाठी शेकडो ग्रंथ धुंडाळले गेले. तथापि, त्या ग्रंथांकडे शब्दांचे भांडार म्हणून पाहिले गेले. साहित्यकृती म्हणून त्यांचा विचार करणे हे या विभागाचे काम समजले गेले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात भाषाविज्ञानाला नवे वळण मिळाले. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्याने १९५४ पासून डेक्कन कॉलेजने भाषाविज्ञानाची सत्रे भरविली. अमेरिकेतील वर्णनात्मक भाषाविज्ञानाचे अभ्यासक येथे शिकविण्यास आले आणि देशभरातील भाषांचे तरुण अध्यापक उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्यापुढे बसले. या सत्रांचे महत्त्व एरवी भाषाविज्ञानाच्या प्रसाराच्या अंगाने सांगितले जाते. निवडीच्या अंगाने पाहता त्यांचे वैशिष्ट्य असे की, तेथे येणाऱ्या तमिळ, बंगाली वा मराठीच्या अध्यापकास आपला विभाग सोडावा लागत नव्हता. साहित्याचा शिक्षक साहित्याचा शिक्षक राहूनच स्वनविज्ञान व रूपविचार शिकून परत जात असे. पुढे भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग ठिकठिकाणी निघाले, सत्रांची गरज ओसरली आणि हा मधला मार्गही अरुंद होत गेला. दिल्ली विद्यापीठातील भाषाविज्ञान विभाग १९६३ चा, तर म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ ची. स्वतंत्र विभागांमुळे विषयाला प्रतिष्ठा लाभली हे निर्विवाद आहे. मात्र त्याच वेळी भाषाविभागांनी भाषाविज्ञानाकडे दुसऱ्याचे काम म्हणून पाहावयास आरंभ केला.

डेक्कन कॉलेजच्या परंपरेतील मराठी अभ्यासकांचे कार्य मोठे आहे. पॅरिसमध्ये ब्लॉक यांच्याकडे अध्ययन केलेले ना. गो. कालेलकर यांनी भाषाविज्ञान मराठीत सुबोधपणे आणले व त्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या ग्रंथास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींच्या पाहणीची मालिका सिद्ध केली. परंतु या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण अशोक रामचंद्र केळकर यांचे होय. इंग्रजी साहित्याचे अध्ययन करून ते भाषाविज्ञानाकडे वळले, १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि आग्रा येथील काही वर्षांच्या अध्यापनानंतर ते डेक्कन कॉलेजात आले. वर्णनात्मक भाषाविज्ञानात मुरलेल्या या अभ्यासकाने 'प्राचीन भारतीय साहित्यमीमांसा' लिहावी, मराठी अभ्यास परिषदेच्या 'भाषा आणि जीवन' या नियतकालिकाच्या उभारणीत पुढाकार घ्यावा आणि आस्वाद व समीक्षेचा विचार करणाऱ्या 'रुजुवात' या ग्रंथास २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळावा, हे विद्याशाखांच्या भिंतींवरील सर्वांत समर्थ भाष्य ठरते. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. केळकरांचे साहित्यविषयक लेखन त्यांच्या विभागाच्या अभ्यासक्रमातून निपजले नाही. ते त्यांनी अभ्यासक्रमाच्या बाहेर, स्वतःच्या बळावर केले. असामान्य व्यक्तीला जे साधते ते सामान्य विद्यार्थ्यासाठी व्यवस्था म्हणून उपलब्ध आहे, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

जादवपूर : नव्या विषयाची स्थापना

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०७ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या व्यासपीठावर विश्वसाहित्य या विषयावर व्याख्यान दिले. तौलनिक साहित्य या संज्ञेला त्यांनी दिलेले हे भारतीय नाव होते. याच परिषदेच्या परंपरेतून १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ साकारले आणि पुढच्याच वर्षी तेथे बुद्धदेव बसू यांच्या नेतृत्वाखाली तौलनिक साहित्याचा विभाग सुरू झाला. बसू हे स्वतः ढाका विद्यापीठाचे इंग्रजीचे एम.ए., आधुनिक बंगाली कवितेचे अग्रणी, बोदलेअर व रिल्के यांचे आणि कालिदासाच्या 'मेघदूता'चे बंगाली अनुवादक होते. सुधींद्रनाथ दत्त यांच्यासारखा कवी आणि रोबेर आंत्वान यांच्यासारखे बेल्जियन जेझुइट विद्वान त्यांच्या विभागात शिकवीत. ग्रीक महाकाव्य, संस्कृत नाटक आणि आधुनिक युरोपीय काव्य एकाच वर्गात वाचले जाई.

या विभागाच्या पहिल्या तुकडीत नवनीता देव होत्या. प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेल्या या विद्यार्थिनीने प्रतिष्ठित इंग्रजी एम.ए. सोडून नुकत्याच उघडलेल्या, भवितव्य अनिश्चित असलेल्या विभागात प्रवेश घेतला. आईवडील दोघेही कवी असलेल्या घरात हे धाडस तुलनेने सोपे असेल, असे म्हणता येईल. पण नव्या विषयाची पदवी घेऊन अध्यापक म्हणून कोठे जावयाचे, हा प्रश्न तेव्हाही होताच. हार्वर्ड व इंडियाना येथील उच्च अध्ययनानंतर नवनीता देव सेन जादवपूरलाच परत आल्या आणि तेथेच त्यांनी अध्यापन केले. देशात या विषयाचा दुसरा पूर्ण विभाग दीर्घकाळ नव्हता. विभागाने घडविलेल्या विद्यार्थ्याला सामावून घेणारी जागा बहुतांशी त्याच विभागात असणे, हे नव्या विद्याशाखेचे वैभवही असते आणि तिची मर्यादाही.

येथे एक विचित्र योगायोग दिसतो. इंडियाना विद्यापीठात १९५८ मध्ये भरलेल्या शैलीविषयक परिषदेत रोमान याकोबसन यांनी भाषाविज्ञान आणि काव्यशास्त्र हे परस्परांवाचून अपुरे आहेत, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी रेने वेलेक यांनी तौलनिक साहित्याच्या संकटाची चर्चा केली आणि केवळ प्रभावांची मोजदाद करणाऱ्या फ्रेंच पद्धतीवर कठोर टीका केली. म्हणजे पश्चिमेत दोन्ही शाखा आपापल्या सीमांविषयी अस्वस्थ असताना भारतात त्या दोन वेगवेगळ्या शहरांत, दोन वेगवेगळ्या संस्थांत नुकत्याच स्थिरावत होत्या. पुण्यात भाषाविज्ञानाची सत्रे भरत होती, जादवपुरात तौलनिक साहित्याची पहिली तुकडी एम.ए. होत होती, आणि या दोहोंमध्ये नियमित देवघेव घडावी अशी कोणतीही यंत्रणा नव्हती.

नंतरच्या विद्यापीठांत हे अंतर काहीसे कमी झाले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भाषाविज्ञान व इंग्रजी यांचे एकत्रित केंद्र होते. पुढे तेही विभागले जाऊन दोन केंद्रे झाली. हैदराबाद विद्यापीठात १९८८ मध्ये तौलनिक साहित्याचे केंद्र निघाले आणि उपयोजित भाषाविज्ञान व अनुवादविद्येचे केंद्रही त्याच मानव्यविद्या संकुलात आहे. दिल्ली विद्यापीठात आधुनिक भारतीय भाषा विभागातून शिशिरकुमार दास यांच्यासारख्या अभ्यासकांनी तौलनिक भारतीय साहित्याचा पुरस्कार केला. साहित्य अकादमीसाठी त्यांनी लिहिलेले भारतीय साहित्याच्या इतिहासाचे खंड हे त्या दृष्टीचे फलित होय.

महाराष्ट्र : अध्यासन आणि प्रश्नपत्रिका

महाराष्ट्रात तौलनिक साहित्य हे मुख्यत्वे मुंबई विद्यापीठातील गुरुदेव टागोर अध्यासनाच्या रूपाने आले. वसंत बापट यांनी या अध्यासनावर काम केले व त्यांचा 'तौलनिक साहित्याभ्यास' हा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. चंद्रशेखर जहागिरदार, आनंद पाटील प्रभृतींनी या विषयाची सैद्धांतिक मांडणी मराठीत पुढे नेली. भालचंद्र नेमाडे हेही टागोर अध्यासनाचे प्राध्यापक होते. नेमाडे यांनी डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानाची आणि मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची अशा दोन एम.ए. पदव्या घेतल्या. इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अंगाने शोध घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ या दोन्ही शिक्षणांचे धागे एकत्र आणतो. गोवा विद्यापीठात इंग्रजीचे आणि मुंबईत तौलनिक साहित्याचे अध्यापन करणाऱ्या या लेखकाच्या वाटचालीत ज्या निवडीचा येथे विचार चालू आहे ती त्यांनी निवड न करताच सोडविली, असे म्हणता येईल. त्यासाठी आयुष्यातील चार वर्षे दोन पदव्यांना द्यावी लागतात, हे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीला परवडणारे नसते.

अध्यासन म्हणजे विभाग नव्हे. अध्यासनामुळे ग्रंथ होतात, व्याख्याने होतात, संशोधक तयार होतात. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यापर्यंत विषय पोहोचतो तो प्रश्नपत्रिकेच्या रूपाने. महाराष्ट्रातील बहुतेक मराठीच्या अध्यापकांना भाषाविज्ञान भेटले ते एम.ए. मराठीच्या एका प्रश्नपत्रिकेत आणि तौलनिक साहित्य भेटले ते, भेटलेच तर, वैकल्पिक प्रश्नपत्रिकेत. अशा स्थितीत दुसरी भाषा मूळातून वाचण्याची सवय न लागता तुलना अनुवादांवर विसंबते व भाषाविज्ञान स्वनिम-रूपिमांच्या व्याख्यांत अडकते. कालेलकरांची किंवा मिलिंद मालशे यांची पुस्तके हाताशी असूनही प्रत्यक्ष बोलीचे ध्वनिमुद्रण करून तिचे विश्लेषण करण्याचा अनुभव प्रश्नपत्रिका देऊ शकत नाही. ही उणीव शिक्षकांची नाही, रचनेची आहे.

पात्रता आणि एम.फिल. चा अस्त

निवडीवर सर्वाधिक परिणाम करणारा घटक म्हणजे अध्यापकपदाची पात्रता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान आणि तौलनिक साहित्य हे दोन स्वतंत्र विषय आहेत व मराठी हा तिसरा. विषयाला परीक्षेत स्थान असणे आणि त्या विषयाची पदे महाविद्यालयांत असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी होत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पदवीस्तरावर भाषाविज्ञानाचा वा तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग सहसा नसतो. पदे असतात ती मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत अशा भाषांची. परिणामी या दोन विषयांतील उत्तम पदवीधर पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही महाविद्यालयीन अध्यापनाच्या बाहेर राहण्याचा धोका असतो, आणि ज्याच्याकडे एम.ए. मराठीची पदवी आहे त्याला त्या दोन प्रश्नपत्रिका शिकवाव्याच लागतात. व्यवहारतः सुज्ञ प्राध्यापक विद्यार्थ्यास आधी भाषेचे एम.ए. करण्याचा सल्ला देतात तो यामुळेच. त्या सल्ल्यात शहाणपण आहे, परंतु तो पिढ्यान्‌पिढ्या दिला गेल्यामुळेच स्वतंत्र विभागांना विद्यार्थी मिळत नाहीत आणि विद्यार्थी नाहीत म्हणून पदे निर्माण होत नाहीत.

या कोंडीतून एक वाट होती ती एम.फिल. ची. भाषेचे एम.ए. हाती ठेवून नंतरच्या एक-दोन वर्षांत भाषावैज्ञानिक वा तौलनिक पद्धतीचे रीतसर शिक्षण घेता येत असे आणि लघुप्रबंधाच्या निमित्ताने दुसऱ्या भाषेशी गाठ पडत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील अनेक अध्यापक तौलनिक अभ्यासाकडे वळले ते याच टप्प्यावर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. बंद करण्याची दिशा दिली व आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ती अमलात आणली. एम.फिल. च्या नावाखाली बरेच निकृष्ट लघुप्रबंध लिहिले गेले, हा आक्षेप खोटा नाही. परंतु पदवी रद्द करताना ती कोणते काम करीत होती याची नोंद घेतली गेली नाही. एका विषयाकडून दुसऱ्या विषयाकडे जाण्याचा जो टप्पा पूर्वी चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी येत असे, तो आता एम.ए. च्या प्रवेशअर्जापर्यंत, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत मागे सरकला आहे. आणि त्याच धोरणात चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तरतूद असल्यामुळे, जेथे ती अमलात येईल तेथे, अर्ज भरल्यानंतर वाट बदलण्यास अवधीही उरणार नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि लीळाचरित्राच्या भूमीत, रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. महानुभाव ग्रंथांची भाषा, त्यांच्या सांकेतिक लिप्या आणि त्यांचे गद्य यांचा अभ्यास भाषाविज्ञानावाचून होणार नाही आणि पंजाबपर्यंत पोहोचलेल्या त्या पंथाच्या वाङ्मयाचा विचार दुसऱ्या भाषेवाचून पुरा होणार नाही. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास १९१९ च्या कलकत्त्याप्रमाणे दुसऱ्या भारतीय भाषेची अट घातली जाते की नाही, यावर त्या विद्यापीठातून बाहेर पडणारा अभ्यासक कोणत्या प्रकारचा असेल हे ठरेल.